मॉर्टिमरांच्या दारावरची पाटी

मी एक जुनी पितळी पाटी आहे, मित्रांनो. माझ्या अंगावर आधी एकच शब्द होता, तोही इंग्रजीत: मॉर्टिमर. हे एका घराण्याचं आडनाव. दौंडला रेल्वे स्टेशनाच्या पलीकडे, कडुनिंबाखालच्या एका कौलारू घराच्या दारावर माझं आयुष्य गेलं.

रेल्वेच्या कारखान्यात वितळलेलं पितळ साच्यात ओतून मला घडवलं. त्या आगीची धास्ती माझ्या अंगातून कधी गेली नाही. घराचे मालक एडविन मॉर्टिमर वाफेच्या इंजिनाचे ड्रायव्हर होते. सुट्टीच्या दिवशी ते मला चिंचेनं घासत. मी अशी लखलखायचे, की येणारेजाणारे थांबून पाहायचे. ते नाव मात्र कुणाच्या जिभेवर बसेना. दूध घालणाऱ्या साखरबाईंनी त्याचं ‘मोतीमार’ करून टाकलं, आणि साहेब त्यालाच ओ देऊ लागले.

“साहेब, मोतीमार म्हंजी वो काय?” त्यांनी एकदा विचारलं.

साहेब पायरीवर बसले. “फ्रान्समध्ये नॉर्मंडी नावाचा मुलूख आहे. तिथं मॉर्टमेर म्हणून गाव. नऊशे वर्षांपूर्वी तिथले सरदार समुद्र ओलांडून इंग्लंडात गेले, आणि गावाचं नाव आडनाव म्हणून सोबत नेलं.”

“आमच्यात वरवंडचा तो वरवंडकर, तसंच की!”

“तसंच. पण अर्थ वाईट आहे, साखरबाई. मेलेलं पाणी. साचलेलं, न वाहणारं.”

“अगं बया! आसलं नाव कुनी लावतं व्हय?”

साहेब हसले. “आम्ही कुठले सरदार? त्यांच्या एखाद्या शिपायानं धन्याचं नाव लावलं असेल. माझा पणजोबा इकडे रूळ टाकायला आला, एवढंच मला ठाऊक.”

त्या दिवसापासून मला माझ्याच नावाची भीती वाटू लागली.

पुढे वाफेची इंजिनं बंद झाली. साहेबही वारले. नातेवाईक केव्हाच परदेशी निघून गेले होते. घरात उरल्या साहेबांच्या कन्या, नॉर्मा मिस. त्या शाळेत शिकवत. लग्न केलेलं नव्हतं. “मॉर्टिमर आता मी एकटीच,” असं त्या म्हणत. त्यांची बोटं आखडली, मला घासणं सुटलं. मी हिरवी पडले.

तेव्हा गावात पितळेच्या चोऱ्या होत होत्या. कुणाचे नळ गेले, कुणाच्या कड्या गेल्या. फाटकाशी कुणी पोतं घेऊन थांबलं, की माझे स्क्रू थरथरत. एका भरदुपारी मिस शाळेत असताना एक अनोळखी हात आला. चार स्क्रू निघाले आणि मी पोत्यात पडले. आत अंधार, आणि शेजारी उपटलेले नळ.

भंगारवाल्याकडून आम्ही शिरूरला म्हस्कू ओतारी यांच्या अंगणात पोहोचलो. भाता चालू होता. भट्टीत धातू वितळवायची मूस लाल झाली होती. म्हस्कूंनी माझ्या शेजारचा नळ उचलून तीत टाकला. तो वाकला, मऊ झाला, दिसेनासा झाला. मग दुसरा. त्यानंतर चिमटा माझ्याकडे वळला.

“थांबा!”

दारात मिस उभ्या होत्या, धापा टाकत. मागे साखरबाई. भंगारवाल्याला गाठून, मिळेल त्या एसटीनं दोघी आल्या होत्या. साखरबाईंच्या हातात दुधाची पितळी चरवी तशीच होती.

“ही माझ्या वडिलांची पाटी आहे,” मिस म्हणाल्या. त्यांनी पर्स उघडली.

म्हस्कू ओशाळले. “पैसं नकोत, बाई. चोरीचं हाय हे ठावं नव्हतं. पर पोळ्याच्या घंटा उद्या द्यायच्यात, आन् पितळ कमी पडतंय. मी काय ओतू?”

चिमटा हवेत तसाच होता.

साखरबाईंनी चरवी पुढे ठेवली. “ही घ्या. वजनाला वजन.”

“नको, साखरबाई!” मिस म्हणाल्या. “तुमच्या आईनं दिलेली ना ती?”

“लग्नात दिलेली. नाव बी घातलंय माझं.” त्यांनी ठिपक्यांच्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. “आसू द्या. माझी पोर तुमच्यापाशी शिकली. माझं नाव सांगाया चार लेकरं हायती. तुमचं कोन सांगनार?”

चरवी मुशीत गेली. तिच्यावरचं नाव मी आगीतही वाचत होते. एकेक ठिपका विझला. माझी जागा तिनं घेतली, आणि मला नजर वळवता आली नाही.

परतण्याआधी मिस शिरूरच्या बाजारात भांड्यांच्या दुकानाशी थांबल्या. तिथल्या कारागिराला त्यांनी मला दिलं आणि मॉर्टिमरच्या खाली ठिपक्यांनी नाव घालायला सांगितलं: साखरबाई. साखरबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, “आता मी बी मोतीमार झाले का काय?”

मी पुन्हा दारावर आहे. फाटक वाजलं की आजही माझं अंग गार पडतं. मित्रांनो, तुमच्या माळ्यावरही नाव घातलेलं एखादं काळवंडलेलं भांडं असेल. मोडीत देण्याआधी ते उजेडात धरा. ते नाव कुणाचं, हे आईला विचारा, आजीला विचारा. उशीर करू नका. मी भट्टी पाहिली आहे.