नळीचा डाख

रुपाली दापोडीच्या गॅरेजात आली, तेव्हा इम्तियाज एका टेम्पोच्या खाली पाठीवर पडून काम करत होता. कुणी बाई विचारतेय म्हटल्यावर तो हात पुसत बाहेर आला. पस्तिशीची, गळ्यात चाकणच्या कुठल्याशा मोटार कंपनीचं ओळखपत्र. तिनं नाव सांगायच्या आधीच त्याला चेहरा ओळखू आला. नाक आणि कपाळ हुबेहूब तिच्या वडिलांचं, मालोजीदादांचं.

"चाचा, दादांची सेलिका परत चालू करायची आहे," ती म्हणाली. "आई म्हणाली, इम्तियाजभाईंशिवाय दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये."

इम्तियाजनं सतरा सबबी सांगितल्या. वय झालं, डोळ्यांना बारीक दिसत नाही, जपानी गाडीचे सुटे भाग मिळायचे नाहीत. रुपाली गाड्यांच्याच धंद्यातली. तिनं भागांची यादीच पुढे धरली. निम्मे परदेशातून मागवलेसुद्धा होते. "तुम्हाला जमणार नसेल तर चाकणला माझ्या ओळखीचा एकजण आहे, तो करेल. पण आईला वाईट वाटेल," ती म्हणाली.

दुसरा कुणी ती गाडी उघडणार, हे ऐकल्याबरोबर इम्तियाज म्हणाला, "कशाला दुसरा? पाठव इकडं."

ही गाडी म्हणजे चौऱ्याहत्तर सालची टोयोटा सेलिका. दोन दारं, लांब नाक, मागं उतरत गेलेलं छप्पर. मालोजीदादांचं तळेगावात छोटं वर्कशॉप होतं. मुंबईच्या एका म्हाताऱ्या पारशी गृहस्थाकडून त्यांनी ती हौसेनं आणली होती, आणि त्या काळात तिला हात लावायचा तो फक्त इम्तियाजनं. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. नवंच गॅरेज टाकलेलं, आणि 'जपानी गाडी खोलणारा पोरगा' म्हणून दापोडीपासून चिंचवडपर्यंत त्याचं नाव झालेलं.

पंच्याण्णव सालच्या मे महिन्यात पुढच्या ब्रेकची तेल नेणारी नळी गंजून गळायला लागली. अस्सल नळी यायला दोन महिने लागणार होते, आणि मालोजीदादांना चार दिवसांनी चाकणला लग्नाला जायचं होतं. इम्तियाजनं गंजलेला तुकडा कापला आणि तिथं तांब्याची नळी कथील वितळवून, डाख लावून जोडली. ब्रेकच्या दाबाला डाख टिकत नाही, हे त्याला ठाऊक होतं. चार दिवस टिकेल, लग्न झालं की गाडी परत बोलावू, असा त्यानं हिशेब केला. आणि मालोजीदादांना सांगितलं, "एकदम फर्स्टक्लास."

लग्नाहून परत येताना गाडी दादांचा धाकटा भाऊ शेखर चालवत होता. बावीस वर्षांचा. इंदुरीच्या अलीकडच्या उतारावर समोर कांद्याचा टेम्पो थांबलेला दिसला. शेखरनं ब्रेक दाबला, तर पाय थेट खालीच गेला. त्यानं गाडी बाजूला घातली आणि ती डाव्या अंगानं बाभळीवर आदळली. डाव्या सीटवर मालोजीदादा होते. गुडघा आणि खुबा, दोन्हींचा चुरा झाला.

गाडी ओढून आणायला इम्तियाजच गेला होता. चाकाच्या आतल्या बाजूनं ओघळलेलं तेल त्यानं एकट्यानं पुसून काढलं. नळी काढायला मात्र वेळ मिळाला नाही. वर्कशॉपमागच्या शेडमध्ये गाडी ढकलली आणि घरच्यांनी कुलूप घातलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मालोजीदादांनी सगळ्यांसमोर विचारलं, "इम्तियाज, शेखर म्हणतो ब्रेक लागला नाही. खरं सांग, ब्रेकमध्ये काही होतं का?"

शेखर पलंगाच्या पायथ्याशी उभा होता, हाताला पट्टी बांधलेला. त्यानं इम्तियाजकडं अशा काही आशेनं पाहिलं, की इम्तियाजनं मान खाली घातली.

"नाही दादा. ब्रेक ठीक होते."

एवढंच. पुढं एकोणतीस वर्षं त्या गाडीचं कुलूप निघालं नाही.

गाडी टोइंगच्या ट्रकवरून दापोडीला उतरली त्या दिवशी इम्तियाजनं आधी गॅरेजातल्या सगळ्यांना जेवायला पाठवलं आणि मग पुढचं चाक काढलं. डाख उललेला होता, आणि नळीची दोन तोंडं एकमेकांपासून बोटभर दूर, जशी त्या दिवशी सुटली असतील तशीच. त्यानं ती काढून फडक्यात गुंडाळली आणि भंगाराच्या पिंपात टाकली. हात धुतले. थोड्या वेळानं पिंपात वाकून परत बाहेर काढली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. का, ते त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं.

मग दीड महिना तो त्या गाडीपाशी अक्षरशः राबला. उंदरांनी सीटच्या आत घरं केली होती. टाकीतल्या पेट्रोलचा डिंक झाला होता. इंजिन जागच्या जागी जाम झालेलं. सिलिंडरमध्ये तेल सोडून तो वाट पाहत बसला, रोज सकाळी पाना लावून केसभर हलतंय का बघायचा. नवव्या दिवशी हललं. ब्रेकचं काम तर त्यानं तीनदा केलं. नव्या नळ्या, नवे रबर, नवा सिलिंडर. प्रत्येक जोड आरशात बघून तपासायचा. रुपाली हसून म्हणाली, "चाचा, आमच्या कंपनीत तुमच्यासारखा एक माणूस पाहिजे." इम्तियाजला ते ऐकवेना. पाना आणायच्या निमित्तानं तो आत निघून गेला.

इंजिन पहिल्यांदा लागलं त्या दिवशी रुपालीनं आईला बोलावून घेतलं. सुमनताई तळेगावहून लोकलनं आल्या. पासष्टीच्या, सरळ कण्याच्या. गाडीच्या टपावर त्यांनी हात ठेवला आणि इंजिनाच्या आवाजात बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.

"बारा वर्षं कुबड्यांवर काढली ह्यांनी," इंजिन बंद झाल्यावर त्या म्हणाल्या. "शेवटपर्यंत भावाशी बोलले नाहीत. म्हणायचे, चूक केली त्याचं काही नाही, पण तोंडावर खोटं बोलला. भावजी कोल्हापूरला निघून गेले. हे गेले तेव्हा आले होते, पण आम्ही खांदा देऊ दिला नाही. फाटकाबाहेर उभे राहिले आणि तसेच परत गेले." मग इम्तियाजकडं वळून म्हणाल्या, "तुम्ही होतात म्हणून निदान खरं काय ते कळलं."

इम्तियाजनं बॉनेट खाली लावलं. रोज खिशात वागवलेली नळी छातीला टोचत होती.

घरी बायकोनं, कनीजनं विचारलं, "शहेबाजचे अब्बा, जेवण का जात नाही?" तेव्हा त्यानं तिला सगळं सांगितलं. लग्नानंतर इतक्या वर्षांत पहिल्यांदा. कनीजनं ताट बाजूला सरकवलं.

"तेव्हा घाबरलात, ते समजू शकते," ती म्हणाली. "पोलीस, कोर्ट, नवं दुकान. पण दादा गेले तेव्हा? तेव्हा कशाची भीती होती?"

"लाज वाटली."

"मग त्या माणसाला फाटकाबाहेर काय वाटलं असेल?" ती उठली. "तुम्ही त्यांना सांगणार नसाल, तर मला तरी कशाला सांगितलंत? आता हे मी कुठं ठेवू?"

दोन दिवसांनी इम्तियाज स्वतः गाडी चालवत तळेगावला गेला. रस्त्यात लोक वळून बघत होते, फोन काढून फोटो घेत होते. सुमनताईंनी दारात गाडी ओवाळायची तयारी केली होती. "वहिनी, आधी आत चला," तो म्हणाला. रुपालीही मागोमाग आली. त्यानं फडकं उलगडून नळी टेबलावर ठेवली, आणि बसायचं सोडून उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. डाख, पुसलेलं तेल, दवाखान्यातलं उत्तर. एकही सबब सांगितली नाही.

रुपालीनं नळी उचलली, दोन्ही तोंडं निरखली आणि खाली ठेवली. तिच्या धंद्यातल्या माणसाला जास्त काही समजावायची गरज नव्हती. "म्हणून तुम्ही दुसऱ्याकडं गाडी जाऊ दिली नाहीत," ती म्हणाली. इम्तियाजनं होकारार्थी मान हलवली.

सुमनताईंनी नळी फडक्यासकट आपल्याकडं ओढली. मग म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? ज्याला सांगायचं तो कोल्हापुरात बसलाय." त्यांनी रुपालीकडून नंबर लावून घेतला आणि फोन इम्तियाजच्या हातात दिला. "मला सांगितलंत तेच सांगा. एक शब्द कमी नको."

पलीकडून थकल्यासारखा आवाज आला. इम्तियाजनं नाव सांगितलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं.

"मी दाबला होता ना ब्रेक?" शेखर म्हणाला.

"दाबला होता. तुमची काही चूक नव्हती."

"नाही, पुन्हा सांगा. कारण मलाच आता खात्री नव्हती." त्याचा श्वास ऐकू येत होता. "पहिली काही वर्षं मी भांडायचो, लागला नाही म्हणून. मग वाटायला लागलं, मीच उशिरा दाबला असेल. मग वाटलं, दाबलाच नसेन, पाय चुकला असेल. मुलांनासुद्धा मी तसंच सांगितलंय, की तुमच्या काकांचा पाय माझ्यामुळं गेला."

"शेखरभाऊ, मला माफ—"

"ते राहू द्या," शेखर म्हणाला. रागानं नाही, घाईनं. "दादाला हे कधी कळलं नाही, ना?"

"नाही."

"वहिनीला फोन द्या."

इम्तियाजनं फोन दिला आणि बाहेर आला. आतून सुमनताईंचा "भावजी" एवढाच शब्द ऐकू आला, मग रडणं. त्यानं किल्ली उंबऱ्यावर ठेवली आणि चालत स्टेशनला गेला.

नंतर तळेगावहून कुणी आलं नाही. राहिलेली मजुरी रुपालीनं पाठवली, ती त्यानं परत केली, तिनं पुन्हा पाठवली. सुमनताईंनी काय ठरवलं, शेखर आला की नाही, हे विचारायचा हक्क आपल्याला नाही, हे त्याला कळत होतं. कनीजही त्याबद्दल बोलायची नाही. मात्र त्याच्या ताटात पूर्वीसारखी पहिली गरम पोळी पडायला लागली होती.

थंडीत, एका रविवारी सकाळी, रुपालीचा फोन आला.

"गाडी सुरू होत नाहीये," ती म्हणाली. आवाज कोरडा होता.

"मी येतो."

"येऊ नका. काय करायचं ते फोनवर सांगा."

"चोक पूर्ण ओढ. ॲक्सिलरेटर दोनदा हलकेच दाबून सोड. मग किल्ली फिरव, आणि लागली की लगेच चोक ढकलू नको, मिनिटभर थांब."

तिनं ते मोठ्यानं दुसऱ्या कुणालातरी सांगितलं. "काका, दोनदाच. हलकेच." इंजिन एकदा खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं आणि धरलं.

"लागली," ती म्हणाली. मग म्हणाली, "आम्ही इंदुरीपर्यंत जाऊन येतोय." आणि फोन ठेवला.

इम्तियाज फोन हातात धरून गॅरेजच्या पायरीवर बसून राहिला. इंदुरीपर्यंत वीस मिनिटं, परत यायला वीस. तो उठला नाही. दुपारच्या अजानपर्यंत तिथंच बसून होता, ब्रेकचा एकेक जोड मनातल्या मनात पुन्हा तपासत.