प्रीतिभोजनातला बन
शुक्रवारी सकाळी सौदीतल्या धाहरानमध्ये तेल कंपनीच्या कॅम्पातल्या एका बंगल्यात, उघड प्रार्थनेला बंदी म्हणून पडदे ओढून, लूथरन आणि मोरेव्हियन या दोन ख्रिस्ती पंथांच्या मंडळींची एकत्र उपासना चालली होती. मोरेव्हियनांच्या रीतीप्रमाणे प्रीतिभोजन होतं, म्हणून गाणं चालू असतानाच रूथबाई सगळ्यांना गोड बन आणि चहा वाटत होत्या. सुवार्ताच्या पाच वर्षांच्या लेकीने, तन्वीने, बनला तोंड लावलं, तोच लूथरनांचे वडीलधारे साळवेकाका गरजले, "ठेव तो! दृढीकरणाचा विधी व्हायच्या आधी प्रभुभोजनाची पवित्र भाकर घेतात का?" आणि त्यांनी तो तिच्या हातातून काढून घेतला.

गाणं थांबलं. तन्वीने ओठांवरची साखर घाईघाईने पुसली. ते पाहून सुवार्ताच्या मस्तकात तिडीक गेली.

"काका, हे प्रभुभोजन नाही, साधा चहा-बन आहे. दोन्ही चर्चचा करार झालाय, आता आपण एकाच मेजावरचे, हे तुम्हीच वाचून दाखवलंत ना? मग मोरेव्हियनांची रीत विचारायला काय झालं होतं? लेकराचा घास काढायला बरा हात पुढे आला!"

"चुकलं गं माझं. पण आवाज खाली, बाहेर ऐकू जाईल."

"मला नका सांगू. तिला सांगा."

काका गुडघे धरत खाली बसले. "सॉरी, बाळा. घे तुझा बन."

"आय डोन्ट वॉन्ट इट," म्हणत तन्वी आईच्या ओढणीआड लपली.

एरवी सुवार्ताने तिला 'थँक यू, काका' म्हणायला लावलंच असतं. आज तिने पोरीला कडेवर घेतलं आणि काकांना बन हातात धरून तसंच बसू दिलं.