अडलेला मुखडा

चंदाबाईंना नागपुराहून ग्लासगोला येऊन महिनाही झाला नव्हता, तर त्या तिथल्या गाणाऱ्या बायकांत जाऊन बसल्यासुद्धा. सून धम्मशीला दर मंगळवारी चर्चच्या हॉलमध्ये कॉयरला जायची. घरी एकट्या कशाला बसता, म्हणून तिनं सासूबाईंना सोबत नेलं. तयारी चालली होती एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन गाण्यांच्या कार्यक्रमाची. प्रेयसीची गाणी, दुरावलेल्या घराची गाणी. ती गोडगोड गाणी ऐकून चंदाबाईंना जांभया यायच्या.

एक गाणं मात्र गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांचं होतं. त्यांच्यातल्याच गायकांनी अशी गाणी देशोदेशी नेली, त्यांच्या मंडळ्या या शहरातही गाऊन गेल्या. धम्मशीलेनं अर्थ सांगितला तशा चंदाबाई ताठ बसल्या. हे तर आपलंच गाणं, म्हणाल्या. भीमजयंतीच्या मंडपात तीस वर्षं गायलेली बाई ती, तिला आणखी काय सांगायचं! आठवडाभरात गाणं तोंडपाठ झालं, आणि कॉयर चालवणाऱ्या फियोनानं ते त्यांनाच देऊन टाकलं.

मुलाला, म्हणजे प्रबुद्धला, हे काही पटेना. दोन वर्षांपूर्वी आईच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं आणि तेव्हापासून ती स्टेजवर चढली नव्हती.

"आई, आधी नागपूरला गा ना. इथे कशाला रिस्क घेतेस?"

"तिथं लोक मले ओळखतात, बाबू. आवाज फाटला तरी टाळ्या वाजवतील, अन् मले काही कळणार नाही. इथं कोणी लाज राखणार नाही. इथं जमलं नाही, तर मी गाणं सोडलं समज."

कार्यक्रमाला हॉल भरला. चंदाबाई निळ्या काठाची पांढरी साडी नेसून उभ्या राहिल्या, डोळे मिटले आणि मुखडा घेतला. डोळे उघडून पाहतात तर सगळे हाताची घडी घालून चिडीचूप. इथली माणसं गाणं संपेपर्यंत हूं की चूं करत नाहीत, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. आणि भीमगीतांच्या गायन पार्टीत तर शिस्तच अशी, की मुखड्याला दाद आल्याशिवाय कडव्याला हात घालायचा नाही.

त्यांनी मुखडा पुन्हा घेतला. शांतता. पुन्हा घेतला. पियानोवरून फियोना मान हलवून हलवून कडव्याकडे चला म्हणून खुणावत होती. चंदाबाईंनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पेटीवाला गायकाच्या मागे येतो, गायक पेटीवाल्याच्या मागे जात नाही. फियोना बिचारी शहाणी बाई, मुकाट मागे आली. कॉयरमध्ये उभ्या धम्मशीलेनं कपाळाला हात लावला.

पण लोकांचा समज वेगळाच झाला. बाई एवढ्यांदा एकच ओळ म्हणतायत, म्हणजे आपल्याला शिकवतायत! तिसऱ्या रांगेतल्या एका म्हातारीनं दबकत सूर लावला. शेजारच्या गृहस्थानं तिला साथ दिली. बघता बघता भिंतीकडेला उभे असलेलेही गाऊ लागले. मागे प्रबुद्ध लाजबीज सोडून डोक्यावर हात नेऊन टाळ्या वाजवायला लागला, थेट मंडपातल्यासारखा.

चंदाबाईंना आनंद मावेना. त्यांनी वरचा सूर धरला आणि तिथेच आवाज फाटला. चांगला टर्रकन फाटला, झाकायची सोयच नव्हती. त्या क्षणभर थबकल्या.

ओळ मात्र थांबली नाही. अख्ख्या हॉलनं ती उचलली, वरच्या सुरावरून पार नेली आणि पुन्हा त्यांच्यापुढे आणून ठेवली. कोणी हसलं नाही, कोणी कुजबुजलं नाही. सगळे त्यांच्याकडे बघत थांबले होते, आता बाई पुढे काय गातात म्हणून.

चंदाबाईंनी पदरानं डोळे पुसले, फियोनाकडे पाहून पट्टी वर चढवायची खूण केली आणि फाटक्या आवाजात कडवं घेतलं.