भिंतीवरचा मोठा चमचा

मी एक जुना लाकडी चमचा आहे मित्रांनो, पण मला वापरून आजवर कुणी भाताचा एक घासही खाल्लेला नाही. खाणार कसा? उभं केलं तर मी तुमच्या कमरेला लागेन! माझ्या जोडीला तेवढाच मोठा काटा आहे. जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर लटकायचं, एवढंच आमचं काम.

डोंगरातल्या बागिओ शहरातल्या एका सुताराने आम्हाला कोरलं. मारिकिना गावची पुरिता चपलांना टाके घालायची. तिने आम्हाला बसमध्ये मांडीवर घेऊन घरी आणलं. तेव्हा शेजारणी म्हणायच्या, "पुरिता, झोकात आहे हं तुझं घर!" मी फुगून जायचो.

पुढे तिची लेक रोवेना शिकली, मकाती शहरातल्या बँकेत लागली आणि तिला आमची लाज वाटू लागली. तिच्या होणाऱ्या नवऱ्याचे आईवडील मागणी घालायला घरी येणार होते. त्या सकाळी तिने आम्हाला उतरवून फ्रिजमागे कोंबलं आणि भिंतीवर एक करडं चित्र लावलं.

"हे काय गं? भिंतीला ओल आलीय की काय?" पुरिताने विचारलं.

"नानाय," रोवेना आईला म्हणाली, "मोठ्या लोकांकडे असलंच असतं. चमचा-काटा बघून हसतील ते."

पुरिता स्वयंपाकाला लागली. मला फार वाईट वाटलं.

पण चित्र पडलं लहान. इतक्या वर्षांत भिंत काळवंडली होती आणि आमच्या जागी आमच्याच आकाराचे दोन पांढरे डाग उरले होते. पाहुणे आले आणि मुलाची आई, म्हणजे बड्या घरच्या बाईसाहेब दोन्या बेअत्रिझ, बसल्या बसल्या म्हणाल्या, "अय्या, इथे तो घरोघरी असतो तसा मोठा चमचा-काटा होता ना? माझ्या नव्या कॅफेसाठी मी तेच शोधतेय! काय गमतीदार दिसतं! लोक फोटो काढतील."

"घेऊन जा ना!" रोवेना चटकन म्हणाली.

"नाही," पुरिता अदोबोच्या रश्श्याचं पातेलं तसंच हातात धरून म्हणाली. "गंमत म्हणून नाही आणला तो. ही रोवेना तान्ही होती तेव्हा घरात भात पुरत नव्हता. म्हटलं, भिंतीवर तरी मोठा चमचा असू दे. चांगले दिवस आलेच, तर त्यांना घर सापडेल."

रोवेना उठली. मग फ्रिज सरकला. रोवेनाने आम्हा दोघांना आपल्या नव्याकोऱ्या झग्याने पुसलं आणि चित्र काढून सगळ्यांदेखत पुन्हा खिळ्यांवर चढवलं. ती रडत होती.

मित्रांनो, कुणी मला गावंढळ म्हणालं, कुणी गमतीदार. मी आपला तोच आहे. कुणाच्या भिंतीवर काही विचित्र दिसलं, तर हसण्याआधी ते तिथे का लावलंय एवढं विचारा.

त्या दिवशी घाईत रोवेनाने मला जरा तिरकंच टांगलं. पुरिता अजून कुणाला सरळ करू देत नाही.