निंबबेटावरचं मौन

श्रावणी सोमवारी निंबबेटावर पाय ठेवायला जागा नसते. सावद्याच्या खाली, तापीच्या फुगलेल्या पाण्यात हे बेट. माणसं होडीनं येतात, महादेवाला बेल वाहतात, टोकाशी उभं राहून दोन धारा मिळतात ते बघतात, बगळ्यांचे फोटो काढतात. भूक लागली की झुंबरबाईच्या ताडपत्रीखाली भगर-आमटीला बसतात. उपास नसलेले शेजारी लोटन आबांकडे केळ्याची भजी खातात.

झुंबरबाई यंदा महादेवाला मौनाचा नवस बोलली होती. लेकीचं, रूपालीचं, चांगल्या घरी जमावं म्हणून श्रावणातल्या प्रत्येक सोमवारी उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही.

सोयरीक आणणाऱ्या झुलालमामांनी परवाच मोबाइलवर एका जोडप्याचा फोटो दाखवला होता. "धुळ्याच्या देवपूरची माणसं आहेत, अक्का. सांगून येणार नाहीत. गिऱ्हाईक बनून येतील, तुमची वागणूक बघतील. तुम्ही ओळख दाखवू नका."

आणि आज तीच दोघं समोर पाटावर बसली होती. भाईदास नाना आणि त्यांची बायको सविता. झुंबरबाईनं डाव भरभरून आमटी वाढली. तिनं आमटीवर तुपाची धार जरा जास्तच सोडली.

"वा! असली आमटी धुळ्यात नाही मिळायची," नाना म्हणाले. "ताई, घरी कोण कोण असतं?"

तिनं ओठांवर बोट ठेवून देवळाकडे हात जोडले.

"मौन शे तिनं," लोटन आबा गाड्यावरून ओरडले. आबा मूळचे धरणगावकडचे, जिभेला हाड नसलेले. "मले विचारा. मी बठ्ठं सांगस."

"एक मुलगी आहे ना यांना?" सविताबाईंनी हळूच विचारलं. "लग्नाची?"

आबांचा झारा कढईतच थांबला. परकी माणसं बेटावर येऊन तरण्या पोरीची चौकशी करतात म्हणजे काय! रूपालीला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलं होतं.

"पोरगीनं जमी गये," ते ठसक्यात म्हणाले. "सुरतले दिधी. साखरपुडा बी व्हई गया."

झुंबरबाई ताडकन उठली. जोरजोरात मान हलवली, दोन्ही हात हलवले, आबांचा सदरा ओढला.

"देखा! तिले बी नही आवडनं तुमनं इचारनं," आबा म्हणाले. "भजी खा न् मोकळं व्हा."

सविताबाईंचा चेहरा पडला. "माणसं चांगली होती हो," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "त्या मामांनी सांगायला नको का?"

"जाऊ दे. संध्याकाळी भुसावळची मुलगी बघायचीच आहे. पटली तर तिथंच सुपारी फोडू."

दोघं उठली, हात धुतले. झुंबरबाई त्यांच्या मागं मागं घाटापर्यंत गेली. तिनं सविताबाईंचा हात धरला. त्यांनी तो प्रेमानं दाबला आणि सोडवून घेतला. बोललं तर लेकीसाठी धरलेलं व्रत मोडतं, न बोललं तर लेकीचं घर जातं. महादेवा, तूच सांग. होडीवाल्यानं दोरी झटकली.

"नाना, थांबा!" झुंबरबाई ओरडली. "पोरीचं जमलं नाही हो!"

पण होडीचं मशीन तेव्हाच धडधडायला लागलं होतं. ती निरोपच देतेय असं वाटून नानांनी होडीतून हात जोडले. होडी वळली.

लोटन आबा झारा हातात घेऊन धावत आले. "अक्का, तुम्ही बोलन्यात?"

"देवपूरची होती, आबा. रूपालीला बघायला आलेली."

आबांनी झारा पायरीवर टाकला. मग खिशातून मोबाइल काढून झुलालमामांना लावू लागले. बेटावर रेंज कधी धड नसतेच. मोबाइल डोक्यावर धरून ते टोकाकडे पळत सुटले. तिथं फोटो काढत असलेल्या पोरापोरींनी हसून त्यांच्यासाठी जागा केली.

"मावशी, दोन भगर!" ताडपत्रीखालून कुणीतरी हाक मारली.

"आणते," झुंबरबाई म्हणाली, आणि होडी लांब जाऊन बोटाएवढी होईपर्यंत तिथंच उभी राहिली.