उजव्या कानामागून दोन शाळा

मी एक जुने कानाचे मशीन आहे. दवाखान्यात मला श्रवणयंत्र म्हणतात. मॉरीनआजी मला 'ते शिट्टी मारणारं' म्हणतात, कारण मी कशात दाबला गेलो की माझी शिट्टी वाजते. पण जिच्या उजव्या कानामागे माझे सारे आयुष्य गेले, ती हेदर मला नुसते 'मशीन' म्हणते. मित्रांनो, मला डोळे नाहीत. मी सांगणार आहे ते सगळे ऐकलेले आहे, आणि ऐकलेले सगळे समजतेच असे नाही. त्या दोन शाळांचे प्रकरण तर मला अजूनही धड उमगलेले नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारखी शेकडो भावंडे एका ओळीत पडलेली असत. एक माणूस प्रत्येकाच्या कानात, म्हणजे आमच्या कानात, टिचकी वाजवून बघे. मग आम्हाला डब्यांत घालून जगभर पाठवत. मी डार्बीशर नावाच्या इंग्रजी परगण्यातल्या एका सरकारी दवाखान्यात आलो. तिथे ॲबरनेथी नावाच्या सद्गृहस्थांनी मला हेदरच्या कानामागे बसवले. तिचा डावा कान लहानपणी गोवरात गेला होता आणि उजवाही हळूहळू जाऊ लागला होता.

घरी जाताना गाडीत ती एकदम दचकली.

"क्रेग, गाडीत हे टिकटिक काय वाजतंय?"

"इंडिकेटर," तिचा नवरा म्हणाला.

"नेहमी वाजतो?"

"नेहमी."

"मग इतकी वर्षं सांगायचं नाही होय रे!"

ती हसली, क्रेगही हसला. ते माझे कौतुकाचे दिवस होते. हेदर रोपांच्या बागेत काम करी. कुंड्यांचा खणखणाट, पाण्याची फवारणी, गिऱ्हाइकांचे प्रश्न, सगळे मी तिच्यापर्यंत पोचवी. रोज झोपण्यापूर्वी ती मला मऊ फडक्याने पुसे.

तेव्हा तिची मुलगी एडी नुकती बोलू लागली होती. एडीचा आवाज मला फार सोपा जाई. बाकीच्यांचे शब्द मला तांदळातल्या खड्यांसारखे वेचावे लागत. एडीचे शब्द थेट येऊन बसत. मला वाटे, ही मुलगी माझ्यासाठीच बोलायला शिकली आहे.

एडी दहा वर्षांची झाली आणि मोठ्या शाळेचा प्रश्न आला. आमच्याकडे शरद ऋतूत शाळा आपली दारे उघडतात आणि आईबापांना म्हणतात, या, बघा, मग ठरवा. गावात सरकारी शाळा होती, टॅनरी लेन. टेकडीपलीकडे खासगी शाळा होती, विदर्ली हॉल. मॉरीनआजी म्हणजे क्रेगची आई. त्यांनी आधीच सांगून टाकले होते, "फीचं मी बघते. तुम्ही फक्त नाही म्हणू नका."

आधी आम्ही टॅनरी लेनला गेलो. संध्याकाळ होती. दारातून आत शिरलो मात्र, माझ्यावर आवाजांची पोतीच्या पोती ओतली गेली. बूट, खुर्च्या, रडणारी तान्ही पोरे, कुठेतरी ढोल, कुठेतरी केक भाजल्याची घंटा. व्यायामशाळेत मुख्याध्यापिका ड्यूहर्स्टबाई भाषणाला उभ्या राहिल्या. माइक किंचाळला. त्याला उत्तर म्हणून मीही किंचाळलो.

"इथे मुलं मोकळी वाढतात," असे म्हणे त्या म्हणाल्या. माझ्या हाती लागले ते 'इथे मुलं मोकाट वाढतात.'

"मोकाट?" हेदरने घाबरून विचारले.

"मोकळी गं आई, मोकळी!" एडी म्हणाली. "मोकाट म्हणून स्वतःहून कोण सांगेल?"

पुढच्या ओळीतला एक माणूस हसून वळला. "खरं सांगू का, दोन्ही. माझे दोन आहेत इथे."

विज्ञानाच्या खोलीत काहीतरी फट्कन फुटले. पोरे ओरडली. जोसलिन नावाची एक मोठी मुलगी आम्हाला शाळा दाखवत होती. तिने विचारले, "पुढचा फटाका कोण उडवणार?"

"मी!" एडी ओरडली.

"अरे वा, हिला माइक द्यायला नको!" जोसलिन म्हणाली, आणि दोघी खिदळल्या. पुन्हा एकदा फट्कन आवाज झाला. त्यानंतरचे मला सांगता येत नाही, कारण हेदरने माझी बॅटरीची खिडकी उघडली. ती उघडली की माझे जग बंद होते.

ती पुन्हा लावली तेव्हा आम्ही गाडीत होतो. "डोकं फुटायची वेळ आली," हेदर म्हणत होती. "माझ्या पोरीने सात वर्षं त्या कल्लोळात काढायची?"

पुढच्या शनिवारी विदर्ली हॉल. मॉरीनआजीही आल्या. बुटांखाली आधी खडी वाजली आणि मग बूट वाजायचेच थांबले. सगळीकडे गालिचे होते. कपबशीवर चमचा ठेवला तरी कळत होते. मुख्याध्यापक फेअरक्लॉफसाहेब माइकशिवाय बोलले. त्यांचा एकेक शब्द माझ्यापर्यंत ओंजळीतून यावा तसा आला. हेदर मागच्या ओळीत बसली होती, तरी तिचे एक वाक्य चुकले नाही. मित्रांनो, त्या दिवशी मला स्वतःचा अभिमान वाटला. मला वाटले, मी चांगलेच मशीन आहे. मला फक्त चांगल्या जागी न्यायला हवे.

ह्यूगो नावाचा मुलगा आमचा वाटाड्या होता. त्याने लगेच विचारले, "मी तुमच्या उजव्या बाजूने चाललो तर बरं पडेल ना?" हेदरला ते इतके आवडले की ती दोनदा 'थँक्यू' म्हणाली. एका खोलीत कुणीतरी चेलो, म्हणजे ते खर्जातले मोठे व्हायोलिन, वाजवत होते. हेदर दारात थांबली. मी ते सूर जसेच्या तसे तिला दिले.

मग वाचनालय. तिथे एडीने विचारले, "इथली पुस्तकं घरी नेता येतात का?"

यानंतर जे झाले ते मी ऐकले, पण मला कळले नाही. पाने उलटण्याचे आवाज थांबले. कुठेतरी 'शू' झाले. एक बाई नाकातल्या नाकात हसली. ह्यूगो हळूच म्हणाला, "हो, नेता येतात." बस, एवढेच. हेदरला वाटले, कुणीतरी पुस्तक पाडले असेल. पण तिथून पुढे सारी सकाळ एडीचा एकही शब्द माझ्यापर्यंत आला नाही.

"बघ, कशी शहाण्यासारखी वागतेय," मॉरीनआजी पोहण्याच्या तलावापाशी म्हणाल्या. "अगं, जागेचा गुण असतो."

त्यानंतर घरात नुसता गोंधळ माजला. हेदर म्हणे विदर्ली, एडी म्हणे टॅनरी लेन.

"पण का?" हेदर विचारी.

"असंच."

"असंच म्हणजे? तिथे चेलो आहे, तलाव आहे, वर्गात मुलं मोजकी..."

"मला माहितीये, आई."

क्रेग खाणीतल्या मालाचा ट्रक चालवी. तो जेवताना म्हणाला, "माझ्या बापाने मला जी शाळा जवळ होती तिथे घातलं. बघायला बिघायला कोण गेलं होतं?"

"म्हणूनच तर म्हणते," मॉरीनआजी म्हणाल्या. यावर क्रेगने बराच वेळ नुसते काटे-चमचे वाजवले.

हेदर बागेत येणाऱ्या गिऱ्हाइकांनाही विचारू लागली. एकजण म्हणाली, टॅनरी लेनमधून माझा पुतण्या डॉक्टर झाला. दुसरी म्हणाली, टॅनरी लेनमध्ये माझ्या पोराचे तीन डबे चोरीला गेले. तिसरी म्हणाली, विदर्लीने माझ्या बहिणीचं सोनं केलं, आणि लगेच म्हणाली, पण ती ख्रिसमसला आमच्याकडे येत नाही. मी सगळे जसेच्या तसे पोचवत होतो. जितके जास्त पोचवी, तितकी हेदर जास्त गोंधळे. मीही.

आणि नेमके तेव्हाच माझे काहीतरी बिनसले.

एडीचा आवाज मला येईनासा झाला. टिकटिक येत होती, किटलीची शिट्टी येत होती, खुर्चीत डुलकी लागलेल्या क्रेगचे घोरणेसुद्धा येत होते. फक्त एडीचे शब्द, जे आजवर आपणहून येऊन बसत, ते आता धुक्यातून आल्यासारखे येऊ लागले. हेदर सारखी "काय?" "काय म्हणालीस?" विचारी. तिने बॅटरी बदलली, नळी बदलली, माझ्यावर दोनदा चिडली. एकदा तर तिने मला टेबलावर आपटले.

"झालं, याचे दिवस भरले," ती म्हणाली.

मित्रांनो, आपण म्हातारे झालो हे आपल्याला कसे कळते, ते मला ठाऊक नव्हते. मला वाटले, असेच कळत असेल. जो आवाज सर्वांत सोपा, तोच आधी जात असेल.

शाळेची पसंती कळवायची मुदत जवळ आली होती. त्याच आठवड्यात हेदर मला घेऊन दवाखान्यात गेली. शाळेला सुट्टी होती म्हणून एडी सोबत होती. ॲबरनेथीसाहेब आता थकलेल्या आवाजात बोलत, पण हात तेच होते. त्यांनी मला एका पेटीत ठेवून नाना सूर ऐकवले.

"मशीन ठणठणीत आहे, बाई."

"असं कसं? मला माझ्या मुलीचं बोलणं ऐकू येत नाही."

"बरं. मग तुमची मुलगीच बोलू दे." त्यांनी मला पुन्हा हेदरच्या कानामागे बसवले. "एडी, आईला सांग बघू, सकाळी काय खाल्लंस?"

एडी काहीतरी बोलली.

"अगं पोरी, कुजबुजतेस कशाला?" ॲबरनेथीसाहेब म्हणाले.

"ही कुजबुज नाहीये," एडी म्हणाली. आता मला थोडे थोडे ऐकू येऊ लागले होते. "लोक असंच बोलतात. मी सवय करतेय."

"कसली सवय?" हेदरने विचारले.

ॲबरनेथीसाहेबांची खुर्ची मागे सरकली. बहुधा ते खिडकीकडे गेले असावेत.

"विदर्लीची," एडी शेवटी म्हणाली. "तिथे त्या वाचनालयात मी विचारलं ना, तेव्हा सगळे वळून बघायला लागले. एक मुलगा शू म्हणाला. एक बाई हसल्या. आजीने माझा हात दाबला. माझा आवाज मोठा आहे, आई. मला माहीतच नव्हतं."

"मोठा? किती मोठा?"

"तुला ऐकू येईल एवढा."

मित्रांनो, त्या खोलीत कुठलाच आवाज नव्हता. मी कान देऊन बसलो होतो, पण हेदरला द्यायला माझ्याजवळ काही नव्हते. मग कापडाचा सळसळाट झाला, आणि मी एडीच्या केसांत दाबला जाऊन जोरात शिट्टी मारू लागलो. मला कुणीही बंद केले नाही.

तुम्हाला वाटेल, इथे निकाल लागला. तसे झाले नाही. त्या रात्रीच्या जेवणात मॉरीनआजी म्हणाल्या, "मग शिकेल की हळू बोलायला! त्यात वाईट काय आहे? चारचौघांत बसायचं तर शिकायलाच लागतं."

"बरोबर आहे तुमचं, मॉरीन," हेदर म्हणाली.

"मग?"

"मग काही नाही. तुमचंही बरोबर आहे. तिचंही बरोबर आहे. ते फेअरक्लॉफसाहेब काय सुंदर बोलले, तेही बरोबर. मला काही कळेनासं झालंय. मला ती शाळा आवडली, कारण मला तिथे ऐकू आलं. पण शाळेत मी थोडीच जाणार आहे?"

"फी मी देणार होते," मॉरीनआजी म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच इतका बारीक झाला की तो मला वेचावा लागला. "तुमच्यासाठी काहीतरी करावं, एवढंच होतं."

एडी उठून आजीच्या खुर्चीपाशी गेली. "आजी, तू मला चेलोची शिकवणी लाव ना," ती म्हणाली. आता ती आपल्या नेहमीच्या आवाजात बोलली, आणि शब्द थेट येऊन बसले. "तो घरी वाजवता येईल. आईला ऐकू येईल."

पसंती टॅनरी लेनची कळवली गेली.

ती बरोबर होती का? मला विचारू नका. पहिल्याच वर्षी एडीच्या गणिताच्या बाई मध्येच सोडून गेल्या आणि बदली शिक्षक एकामागून एक येत राहिले. मॉरीनआजी म्हणाल्या, "मी सांगितलं होतं." एडीचा डबाही एकदा गेला. दुसरीकडे जोसलिनने तिला शाळेच्या वादविवादात ओढले आणि ती पहिल्याच फेरीत हरली. पण त्या दिवशी ती घसा बसवून घरी आली आणि बसलेल्या घशानेच झोपेपर्यंत बोलत राहिली. विदर्लीत काय झाले असते, ते कुणाला ठाऊक? तिथेही कदाचित एखादी मैत्रीण भेटली असती. हेदर अजून कधीकधी त्या टेकडीवरून जाताना गाडी हळू करते.

आता माझी जागा एका नव्या मशीनने घेतली आहे. ते फार हुशार आहे. गोंगाटातून नेमका माणूस निवडून काढते. मी खणात असतो. बागेत चिखलाचे काम असले की नवे मशीन खराब होऊ नये म्हणून हेदर मला लावते. माझ्या फटीत माती साचते आणि पूर्वीसारखे कुणी पुसत नाही, पण बोलावणे येते, तेवढे पुरे.

परवा कुंड्या उचलताना ती क्रेगला म्हणाली, "त्या नव्या मशीनवर एडी बोलली की कानठळ्या बसतात रे."

"मग सांग तिला, आता हळू बोललं तरी चालतं."

"नाही सांगणार."

"मग काय करतेस?"

"तिला कळणार नाही असा मशीनचाच आवाज बारीक करते."

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे कुणी असेल तर त्याला कोरडे ठेवा, मऊ फडक्याने पुसा, आपटू नका. आणि तुमच्या वर्गात एखादे मूल फार मोठ्याने बोलत असेल, तर त्याला 'शू' म्हणण्याआधी थोडे थांबा. त्याच्या घरी कुणीतरी त्याच्या बोलण्याची वाट पाहत असेल.