अकरा मुलांची बस

मित्रांनो, एका शाळेच्या मागे, पाण्याच्या टाकीपाशी, कुंपणाला लागून एक पिवळी बस उभी आहे. चाकांत हवा नाही. काचांवर धुळीचा थर असा जाड बसलाय, की येणाऱ्याजाणाऱ्या मुलांनी त्यावर बोटाने घरं आणि झाडं काढून ठेवली आहेत. ती जुनी बस मीच. मला बोलता येतं हे कुणाला ठाऊक नाही, कारण आजवर कुणी विचारलंच नाही. तुम्ही ऐकणार असाल तर सांगते.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी चारचौघींसारखीच होते. मग मला वेगळ्या शेडमध्ये नेलं. मागची बाकं काढली, तिथं मोठं दार कापलं आणि दाराशी एक लोखंडी फळी बसवली. बटण दाबलं की ती फळी जमिनीला टेकायची आणि चाकांच्या खुर्चीसकट मुलाला अलगद वर घ्यायची. तिला सगळे लिफ्ट म्हणत. ती बसवणारा वेल्डर स्वतः खुर्ची घेऊन फळीवर बसला, दहा वेळा वरखाली झाला आणि म्हणाला, "आता माझ्या पोरीलाही यावर बसवायला मी भिणार नाही." ही मला मिळालेली पहिली शाबासकी.

ज्या शाळेत मला पाठवलं, तिथली मुलं आपल्या पायांनी शाळेत येऊ शकत नसत. कुणाला चालता येत नव्हतं, कुणाला बोलता येत नव्हतं, तर कुणाला दोन्ही. राज्यात तेव्हा दोन पक्ष होते आणि त्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. एक म्हणे, कर थोडे वाढवा, पण शाळा, दवाखाने आणि म्हाताऱ्यांची पेन्शन नीट चालू द्या. दुसरा म्हणे, कमावणाऱ्याच्या पाठीवर आधीच ओझं फार झालंय; कर उतरवा आणि अंथरूण पाहून पाय पसरा. ज्या वर्षी मी आले, त्या वर्षी मात्र माझ्यासाठी दोघांनीही सभागृहात हात वर केले होते. फीत कापायला दोन्हीकडचे पुढारी आले. कात्री एकच, ती दोघांनी धरली, दोघांनी आपापल्या बाजूला ओढली, आणि फीत काही कापेना. शेवटी शाळेच्या शिपायाने ती दाताने तोडली. सगळे हसले. मीही हसले असेन.

माझे ड्रायव्हर उंच, सडपातळ, मोजकं बोलणारे. मुलं त्यांना मामा म्हणत. लिफ्ट चालवायला आणि मुलांचे पट्टे बांधायला एक बाई होत्या, त्यांना मावशी म्हणत. मामा आणि मावशी, म्हणजे नात्याने भाऊबहीणच झाले, आणि भांडायचेही तसेच. काच खाली की वर, गाणी की बातम्या, सगळ्यावरून. अकरा मुलं, दोन तासांची फेरी, आणि बारा वर्षांत एकही दिवस उशीर नाही.

शेवटच्या थांब्यावर चिमणी चढायची. तिला घरी तेच नाव होतं. तिची आई लाँड्रीत कपड्यांना इस्त्री करायची. चिमणी पहिल्यांदा आली तेव्हा पाच वर्षांची होती. पायांत बळ नाही, तोंडात शब्द नाही, आणि बोटं अशी मिटलेली की मूठ उघडायची नाही. शाळेतल्या व्यायामाच्या बाई रोज अर्धा तास तिची बोटं एकेक करून सोडवत. असं दोन वर्षं चाललं. मग तिच्यापुढे चित्रांची पाटी ठेवायला लागले. पाणी हवं तर पेला, दुखत असेल तर रडका चेहरा, हळू जा म्हणायचं तर कासव. मावशींनी तशीच एक पाटी माझ्या खिडकीला टांगली.

एका सकाळी पुढे कुत्रं आडवं आलं आणि मामांनी करकचून ब्रेक लावला. सगळी मुलं हादरली. चिमणीने हात उचलला. बोट थरथरत होतं, वाट चुकत होतं, पण शेवटी ते कासवावर जाऊन टेकलं. मावशी म्हणाल्या, "मामा, तुम्हाला रागावतेय ती." मामांनी मला रस्त्याच्या कडेला घेतलं, चष्मा काढला आणि बराच वेळ तो पुसत बसले.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस.

त्यानंतर निवडणूक जवळ आली आणि माझ्यातल्या भांडणाचा सूर बदलला. मामांच्या धाकट्या भावाचा छोटा कारखाना होता. दोन लेथ मशीन, तीन कामगार. कर वाढत गेले तसा तो रडतखडत चालला आणि शेवटी त्याला कुलूप लागलं. भाऊ आता दुसऱ्याच्या दारात काम करत होता. म्हणून मामांनी कर कमी करणाऱ्यांना मत द्यायचं ठरवलं. मावशींच्या घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई होत्या, आणि त्यांची औषधं पेन्शनवर चालत. मावशी कर वाढवा म्हणणाऱ्या पक्षाच्या. दोघांचंही दुःख खरं होतं. दोघांच्याही बाजूने मी साक्ष दिली असती.

"सरकार म्हणजे काय विहीर आहे, नुसती उपसत राहायला?" मामा आरशात बघून म्हणायचे.

"उपसली नाही तर विहिरीचं पाणी नासतं, मामा," मावशी मागून म्हणायच्या.

निवडणुकीत दोन्ही पक्ष जवळजवळ सारखे निवडून आले. कर, शाळांचा पैसा आणि पेन्शन या तिन्ही गोष्टी एकाच गाठोड्यात बांधून सभागृहापुढे ठेवल्या होत्या. हे म्हणत, कर वाढल्याशिवाय बाकीचं नाही. ते म्हणत, कर उतरल्याशिवाय काहीच नाही. माझ्या रेडिओवर रोज तेच ऐकू यायचं. वर्ष संपलं, नवं लागलं, आणि बजेट काही मंजूर झालं नाही. शाळांचा पैसा अडला, पेन्शनही थांबली.

मग एका दुपारी शाळेच्या मोठ्या बाई हातात पत्र घेऊन माझ्या दाराशी आल्या. पुढचा हुकूम येईपर्यंत मुलांची ने-आण बंद, असं त्यात होतं. मामा आणि मावशी दोघांनाही घरी बसायला सांगितलं होतं.

त्या दिवशी मुलांना सोडून आल्यावर मावशींनी पाटी खिडकीवरून काढली आणि पदराने पुसली. मामांकडे न बघता त्या म्हणाल्या, "तुमच्या मताने थांबली ही बस."

मामा किल्ली फिरवून इंजिन बंद करत होते. "आणि माझ्या भावाचं कुलूप कुणाच्या मताने लागलं?" ते म्हणाले.

बारा वर्षांत त्यांचं बोलणं तुटलं नव्हतं. ते त्या दिवशी तुटलं.

तरीही दोघं माझ्याकडे येतच राहिले. मामा मंगळवारी यायचे आणि बॅटरी मरू नये म्हणून पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायचे. मावशी गुरुवारी यायच्या, बाकं पुसायच्या, लिफ्टला तेल द्यायच्या. पगार दोघांनाही नव्हता. एकमेकांची गाठ पडू नये म्हणून त्यांनी दिवस वाटून घेतले होते, आणि ही वाटणी न बोलताच झाली होती.

पुढारीही येऊन गेले. एका पक्षाने माझ्यापुढे उभं राहून फोटो काढला आणि सांगितलं, विरोधकांच्या हट्टापायी मुलांची बस गंजतेय. चार दिवसांनी दुसरा पक्ष आला. त्यांनी सांगितलं, अकरा मुलांसाठी एवढी मोठी गाडी, ही पाहा उधळपट्टी. दोघांनीही माझ्या अंगावर हात ठेवला होता. आत डोकावून कुणी पाहिलं नाही.

बस बंद होऊन तीन महिने झाले होते. एका मंगळवारी मामा इंजिन चालू करत असताना फाटकातून चिमणीची आई आली. तिने लेकीला चाकांच्या खुर्चीत बसवून घरापासून ढकलत आणलं होतं. दीड तास, तोही चढाचा रस्ता. खुर्चीचं पुढचं एक चाक वाकलं होतं. आईच्या तळहाताला फोड आले होते. शाळा सुटायला तेव्हा तासच उरला होता. ती मामांना एवढंच म्हणाली, "रोज नाही जमायचं मला, दादा. कामावरून काढतील."

मामांनी इंजिन बंद केलं. मग ते निघून गेले आणि अर्ध्या तासाने परत आले. मागे मावशी होत्या.

"लिफ्ट तुम्हालाच जमते," मामा म्हणाले.

मावशींनी वाकून लिफ्टचं बटण दाबलं. त्या दिवशी भांडण मिटलं असं मी म्हणणार नाही. मतं जिथल्या तिथं होती. पण चिमणी घरी पोचली.

नऊ दिवस आम्ही हुकूम नसताना फिरलो. डिझेल त्या दोघांनी आपल्या खिशातून भरलं. अकराही मुलं शाळेत आली. दहाव्या दिवशी कुणीतरी माझा फोटो काढला आणि तो सगळीकडे पसरला. माझा विमा संपला होता, परवाना नव्हता, हे खरंच होतं. मामांच्याच पक्षाने त्यांना बेजबाबदार ठरवलं. मावशींच्या पक्षाने तो फोटो सभेत मिरवला, पण चौकशीच्या दिवशी त्यांचा एकही माणूस फिरकला नाही.

चौकशी शाळेच्या अंगणातच झाली. मामा म्हणाले, "किल्ली माझी, गाडी मी काढली. बाईंना मी बोलावलं. त्यांचा काही संबंध नाही."

अधिकारी ते लिहून घेत होते. मावशी उठून उभ्या राहिल्या. "साहेब, बटण माझ्या बोटाने दाबलंय," त्या म्हणाल्या. "तेही लिहा."

दोघांचीही नोकरी गेली.

बस बंद झाल्यापासून सात महिन्यांनी सभागृहात तडजोड झाली. कर थोडे वाढले, थोडे उतरले, पेन्शन निम्मी सुरू झाली. दोन्ही पक्षांनी आपला विजय झाल्याचं जाहीर केलं. त्या घाईत खास शाळांच्या बसगाड्यांचं कलम गळून गेलं. ते मुद्दाम गाळलं की विसरलं, ते कुणालाच सांगता आलं नाही. पुढच्या वर्षी पाहू, असं उत्तर आलं.

एका गुरुवारी मावशी आल्या आणि माझ्या पायरीवर बसल्या. थोड्या वेळाने मामाही आले. आता त्यांना दिवस वाटून घ्यायची गरज उरली नव्हती. मावशी आदल्या दिवशी चिमणीच्या घरी जाऊन आल्या होत्या. व्यायामाच्या बाई पगार नाही म्हणून केव्हाच दुसऱ्या गावी गेल्या होत्या. चिमणीची आई कामावरून आल्यावर तिला जमेल तसा तिचा हात चोळायची. पण बोटं पुन्हा मिटली होती.

"पाटी धरली मी तिच्यापुढे," मावशी म्हणाल्या.

"मग?" मामांनी विचारलं.

"भिंतीकडे बघत राहिली."

दोघं तिथंच बसून राहिले, अंगणातलं ऊन उतरेपर्यंत.

परवा माझा लिलाव झाला. भंगारवाल्याने माझ्याभोवती एक फेरी मारली, लिफ्टवर हातोडीने ठोकून पाहिलं आणि लोखंड चांगलं आहे म्हणाला. माझी तक्रार नाही. गाडी म्हटली की ती कधीतरी मोडीत निघायचीच.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल तेव्हा तुमचीही मतं असतील. कर किती असावा, कुणाला किती द्यावं, यावर तुम्ही भांडाल. जरूर भांडा. माझ्या दोन्ही माणसांचं खरं होतं हे मी बारा वर्षं ऐकलंय. फक्त भांडण मिटेपर्यंत कुणा लहान मुलाला दारात थांबवून ठेवू नका. मोठ्या माणसांना सात महिन्यांनी शहाणपण सुचलं, तरी त्यांचं फारसं काही बिघडत नाही. मूल तेवढ्यात एक अख्खा शब्द विसरतं. आणि ज्याच्याजवळ मोजून सातआठच शब्द असतात, त्याचा एक शब्द गेला तर किती जातं, हे कुठल्याही सभागृहात हात वर करून ठरवता येत नाही.